हिरवळीला भोके कोणी पाडायची? गांडुळे, मोहाची पेंड आणि एक यंत्र

१/ हिरवळीच्या जमिनीला यंत्राने भोके पाडली की गवत जोमाने वाढते, असे म्हणतात. ते कितपत खरे? उत्तरासाठी सुमारे अडीचशे वर्षे मागे, इंग्लंडमधील एका खेड्यात जावे लागते. 🧵

२/ हॅम्पशायरमधील सेलबोर्न. २० मे १७७७ रोजी तेथील निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी एका पत्रात गांडुळांची बाजू मांडली. गांडुळांच्या विष्ठेने बागेतील वाटा विद्रूप होतात म्हणून माळी त्यांचा द्वेष करीत. व्हाइट यांचे मत उलट होते: गांडुळे माती पोखरतात, म्हणूनच पावसाचे पाणी आणि मुळे आत शिरतात. ती नाहीशी झाली, तर जमीन घट्ट व नापीक होईल.

३/ या मताला मोजमापाचा आधार चार्ल्स डार्विन यांनी दिला. शेतावर पसरलेला चुना काही वर्षांत मातीखाली गेलेला आढळला, तेव्हा ते गांडुळांचे काम असल्याचे त्यांनी १८३७ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडले. १८८१ च्या ग्रंथात त्यांनी हिशेबच दिला: इंग्लंडच्या अनेक भागांत दरवर्षी एकरी १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते.

४/ तरीही गांडुळांचे वैरी संपले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील गोल्फच्या मैदानांना आरशासारखी सपाट हिरवळ हवी होती. गांडुळे मारण्याचे औषध आले हिंदुस्थानातून: मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड! ती पसरून भरपूर पाणी दिले, की तिच्यातील सॅपोनिनमुळे गांडुळे वर येऊन मरत.

५/ गांडुळे गेली. खेळाडूंच्या पावलांचा आणि रुळांचा भार मात्र राहिला. माती दबली की तिच्यातील पोकळ्या मिटतात, पाणी वर साचते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती उथळच राहतात. मग माळी दाताळ्यांनी भोके पाडू लागले. १९४६ साली अमेरिकेत टॉम मॅस्करो यांनी मातीचे तुकडे उपसून काढणारे ‘एरिफायर’ यंत्र आणले. गांडुळांचे काम आता लोखंडाकडे आले.

६/ मग लाभ होतो का? दबलेल्या मातीत निश्चित होतो. परंतु माती उपसणारा पोकळ दात आणि नुसता टोचणारा खिळा एक नव्हेत. खिळा भोवतालची माती आणखी दाबतो. भुसभुशीत, गांडुळांनी भरलेल्या जमिनीला यंत्राचा फारसा उपयोग नसतो.

७/ सारा दोष पेंडेलाही देता येत नाही. रोज शेकडो पावले पडणाऱ्या मैदानावर गांडुळे असूनही माती दबतेच. तेथे यंत्र हवेच. घरापुढच्या हिरवळीची गोष्ट वेगळी. ओल्या मातीत सळई सहज शिरत असेल, तर व्हाइट यांनी ज्यांची वकिली केली, ते मजूर तेथे अजून कामावर आहेत.