लोणारच्या काचेतला माग

लोणारला धारेवर अंघोळ करून वर येणाऱ्या माणसाला सरोवराचं वय विचारा, तो लवणासुर राक्षसाच्या गोष्टीपासून सुरुवात करील. शास्त्रज्ञांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात: १५ हजार वर्षं, ५२ हजार वर्षं, ५ लाख ७० हजार वर्षं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एकाच खळग्याची ही तीन वयं. त्यातलं पहिलं ज्या रीतीने काढलं, तिची ही कुळकथा. मराठीत तिला रूढ नाव नाही. मी तिला सरळ ‘माग मोजणं’ म्हणतो.

डिसेंबर १९३८, बर्लिन. ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान युरेनियमवर मंद न्यूट्रॉन सोडत होते. त्यातून रेडियम निघतंय असा त्यांचा समज. पण कसंही वेगळं काढलं तरी ते ‘रेडियम’ बेरियमचाच पदर धरून येई, आणि त्यापासून पुढे होणारं मूलद्रव्य लँथॅनमसारखं वागे. हानने स्वीडनमध्ये परागंदा झालेल्या लीझ माइटनरला पत्र लिहिलं. तिने आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश याने बर्फात फिरता फिरता उत्तर काढलं: अणूचं केंद्रक दुभंगतंय. फ्रिशने एका जीवशास्त्रज्ञाला विचारलं, पेशी दुभंगते त्याला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला ‘फिशन’. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचं विखंडन केलं. त्यातल्या खंडाशी आपली ‘खांडोळी’ नातं सांगते, पण पुस्तकांना ती बहुधा फारच घरगुती वाटली असावी.

१९४० साली फ्लेरॉव आणि पेत्र्झाक यांनी दाखवलं की युरेनियम कुणी न डिवचताही आपोआप फुटतं. आकाशातून येणाऱ्या किरणांचा व्यत्यय टाळायला ते मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात जाऊन बसले होते. फुटलेले दोन तुकडे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात. दगडात किंवा काचेत ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अंतर जातात, पण वाटेतली सगळी घडण मोडून टाकतात. हाच त्यांचा माग. १९५८ साली इंग्लंडमधल्या हार्वेलला डी. ए. यंग याने लिथियम फ्लोराइडचा असा जखमी स्फटिक रसायनात बुडवला. जखमेच्या जागी रसायन भराभर खात गेलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून खड्डे दिसू लागले. पुढे अमेरिकेत फ्लायशर, प्राइस आणि वॉकर या तिघांनी अभ्रक आणि काच घेतली. १९६३पर्यंत त्या खड्ड्यांवरून वय काढण्याची रीत उभी राहिली.

रीत ऐकायला सोपी आहे. लोणारला उल्का आदळली तेव्हा बेसॉल्ट वितळून जी काळी काच झाली, तिचा खडा घ्यायचा, घासून आरशासारखा करायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून धुवायचा. अभ्रकात माग सुईसारखे दिसतात. काचेत मात्र आम्ल आजूबाजूलाही खातं, म्हणून माग गोल-लंबगोल खळग्यांसारखे दिसतात. काचेत मुळातले बुडबुडेही असतात. नवखा माणूस तेही मोजून मोकळा होतो. मग काच अणुभट्टीत ठेवायची, न्यूट्रॉनांनी युरेनियम मुद्दाम फोडायचं आणि नवे माग मोजायचे. त्यावरून युरेनियम किती ते कळतं, आणि जुन्या मागांच्या प्रमाणावरून वय.

अडचण इथेच आहे. बेसॉल्टमध्ये युरेनियम दहा लाखांत एक भागही नसतं. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. दहा लाखांत ०.३ भाग धरला तर एक ग्रॅम काचेत सुमारे १५ वर्षांनी एक केंद्रक आपोआप फुटतं. १५ हजार वर्षांत घासलेल्या पृष्ठभागावर चौरस सेंटीमीटरला दोन-तीन माग! एवढ्यावर वय सांगायचं म्हणजे पाऊस येऊन गेल्यावर दोन पावलांच्या ठशांवरून जत्रेची गर्दी सांगण्यासारखं. २००४ साली श्टॉर्झर आणि क्योबर्ल यांनी लोणारच्या काचेवरून हेच काम केलं. त्यांचं उत्तर सुमारे १५ हजार वर्षं, अधिक-उणे १३ हजार.

माग किती केंद्रकं फुटली ते सांगतो, फुटलेला तुकडा कुठल्या मूलद्रव्याचा ते सांगत नाही. तुकड्याचं नाव कळतं गॅमा किरणांवरून. नुकता जन्मलेला तुकडा गरगरत, खदखदत असतो. शांत होताना तो गॅमा किरण सोडतो आणि त्यांची ऊर्जा प्रत्येक केंद्रकाची स्वतःची असते. द्रव नायट्रोजनने गार केलेले जर्मेनियमचे स्फटिक त्या ऊर्जा नेमक्या वाचतात. १९७० साली बर्कलीत चाइफेट्झ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियमच्या तुकड्यांची नावं अशी लावली. आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, तिथे राजा रामण्णांनी विखंडनाचा अभ्यास रुजवला.

हानचं बेरियमही या जर्मेनियमच्या यंत्रांत भेटतं. बेरियम-१४०पासून होणारं लँथॅनम-१४० पडद्यावर १५९६ केईव्ही ऊर्जेला उंच सुळका काढतं. हानने ज्यासाठी बाटल्या-गाळण्यांत आठवडे घातले, ते एका रेघेत उभं. लोणारच्या काचेत कुठलं मूलद्रव्य किती, हे मोजतानाही तिच्यावर न्यूट्रॉन सोडून हेच गॅमा किरण वाचतात. पण काचेतलं साधं लँथॅनमही न्यूट्रॉन गिळून तोच सुळका काढतं. युरेनियम जास्त असेल तर विखंडनातलं लँथॅनम त्यात मिसळतं, ते वजा करावं लागतं. लोणारला ही कटकट जवळजवळ नाही. ज्या युरेनियमच्या टंचाईने माग मोजणाऱ्यांचे हाल केले, ती इथे पथ्यावर पडली.

५२ हजारांचं वय उष्णतादीप्तीवरून (थर्मोल्युमिनेसन्स) १९९७ साली आलं. काचेत साठलेल्या आर्गॉन वायूवरून २०११ साली आधी साडेसहा लाख निघाले, नंतर हिशेब सुधारून ५ लाख ७० हजार. मला हे शेवटचं वय जास्त पटतं. त्यालाही खोट आहेच: काच ज्या बेसॉल्टची झाली तो साडेसहा कोटी वर्षांचा, त्याचा जुना आर्गॉन काचेत उरला तर वय फुगतं, म्हणून तो हिशेबात धरावा लागतो. पण ५ लाख ७० हजार खरे असतील, तर माझ्या कागदावरच्या त्याच चौरस सेंटीमीटरवर शंभराच्या आसपास माग हवे होते. काचेतले माग उष्णतेने आखडतात, विरतात, आणि लोणारची काच विदर्भाच्या तापत्या जमिनीत पडून होती.