स्वतःच्या ऐंशी मीटर पुढे

मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ दोनदा लागतो. जाताना त्याचं काही वाटत नाही. परतताना, पस्तीस किलोमीटर पायांखालून गेल्यावर, तोच रस्ता भिंतीसारखा समोर उभा राहतो. तुम्ही त्या चढावर फुटपाथच्या कडेला उभे आहात. तारीख १८ जानेवारी २०१५, रविवार. शेजारी कुणी संत्र्याच्या फोडी घेऊन उभं आहे, पोरं पाण्याच्या बाटल्या पुढे करतायत. तुमच्या हातात एक स्टॉपवॉच आहे. ते पुढेही चालतं आणि मागेही.

ती पाहा. किरकोळ अंगाची, नजर रस्त्यावर. ललिता शिवाजी बाबर, वय पंचवीस, गाव मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. मराठी वर्तमानपत्रं तिला ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हणतात. याच रस्त्यांवर तिनं लागोपाठ तीन वर्षं भारतीय महिलांची शर्यत जिंकलेली आहे.

आज ती जिंकत नाही. बोरीबंदरला पोचून निकाल ऐका. भारतीय महिलांत पहिली ओ. पी. जैशा, २ तास ३७ मिनिटं २९ सेकंद. दुसरी ललिता, २:३८:२१. तिसरी सुधा सिंग, २:४२:१२. गर्दीच्या कानावर ‘दुसरी’ एवढाच शब्द पडतो आणि लोक घराकडे वळतात. तुम्ही मात्र थांबा, कारण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. धावपटू सत्यभामाचा २:३९:१० हा राष्ट्रीय विक्रम जवळपास दोन दशकं कुणी हलवला नव्हता. आज एकाच सकाळी दोघींनी तो ओलांडला. रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनसाठी पुढे १ जानेवारी २०१५ नंतरच्या वेळा धरल्या गेल्या आणि पात्रतेसाठी आधी २:४२ ची आणि नंतर २:४५ ची रेघ ओढली गेली. म्हणजे दार उघडून सतराच दिवस झालेत आणि ललिता उंबऱ्याच्या आत आहे.

एखाद्या मुलीनं एवढ्यावर शांत झोप घेतली असती. ललितानं मॅरेथॉन सोडून दुसरीच शर्यत धरली. ते का, हे बघायला घड्याळ चार महिने मागे फिरवा.

२७ सप्टेंबर २०१४, दक्षिण कोरियातलं इंचॉन, आशियाई स्पर्धा. तीन हजार मीटर स्टीपलचेस. तुम्ही पाण्याच्या खड्ड्याजवळ उभे राहा, या शर्यतीचा जीव तिथेच असतो. साडेसात फेऱ्यांत पस्तीस अडथळे, त्यांतले सात पाण्याचे. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला तर आडवा होतो. हा जड लाकडी ओंडका जागचा हलत नाही, पाय लागला तर पडता तुम्ही. पाण्याच्या खड्ड्याची लांबी ३.६६ मीटर. ओंडक्यापाशी तो तेव्हाच्या नियमानं सत्तर सेंटिमीटर खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. जितकी लांब उडी तितकं पाणी कमी लागतं. दमलेला पाय खोल पाण्यात पडतो आणि मग बूट भिजून जड होतो. मॅरेथॉनमध्ये थकवा हळूहळू चढतो. इथे प्रत्येक फेरीत एकदा तो तुमची परीक्षा घेतो, आणि तीही सगळ्यांसमोर.

बहारीनची रूथ जेबेत पुढे निघून गेली, ९:३१.३६. मागे तिघी जवळजवळ एका रेषेत: चीनची ली झेनझू ९:३५.२३, ललिता ९:३५.३७, सुधा सिंग ९:३५.६४. तुमच्या डोळ्यांना त्या एकदमच आल्यासारख्या दिसतात. मग जेबेतला बाद केल्याची बातमी येते, तिचा पाय धावपट्टीच्या आत पडला म्हणून. ललिताचं कांस्य रुपेरी झालं, सुधाच्या हाती कांस्य आलं. थोड्या वेळानं तो निर्णय फिरतो. जेबेत पुन्हा पहिली, ललिता पुन्हा तिसरी, सुधाच्या हातून पदक गेलं. पण वेळेचा आकडा कुणाच्याही निर्णयानं हलत नाही. ९:३५.३७ हा नवा राष्ट्रीय विक्रम आहे. मॅरेथॉनमध्ये नाव झालेल्या मुलीनं या शर्यतीत आल्या आल्या हे केलं, आणि इथेच मला तिच्या पुढच्या वाटेचा उलगडा होतो. रस्त्यावर ती किती पुढे जाईल याचा अंदाज आला होता. या खड्ड्यापलीकडे किती जागा शिल्लक आहे हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

आता घड्याळ जोरात मागे जाऊ द्या. २००५.

फलटणहून शिखर शिंगणापूरचा डोंगर चढून या आणि पलीकडे उतरा. वाटेतच हिरवा रंग संपतो. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि इथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. माळावर कुसळ, बांधाला बाभळी, लांबवर मेंढरांचा कळप. माण नदी या बाजूनं म्हसवडवरून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत उतरते. जिल्ह्याची हद्द नकाशावर असते, दुष्काळाला ती दिसत नाही. मोहीचा माणूस आणि आटपाडीचा माणूस सारख्याच आवाजात टँकरची वाट बघतात. चैत्रात इथे शंभू महादेवाची यात्रा भरते. मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून माणसं एकमेकांना हात देत कावडी वर नेतात. चढ दिसला की थांबायचं नसतं, हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

मोहीच्या वाटेवर एक म्हातारबा तुम्हाला थांबवतात. “पाव्हणं, कुणीकडं?” तुम्ही सांगता, एका पळणाऱ्या मुलीचं गाव बघायला आलोय. ते हसून म्हणतात, “हितं समदीच पळत्यात. शाळा लांब, पाणी लांब.” ते खोटं बोलत नाहीत. पण अंतर प्रत्येकाच्याच वाट्याला येतं आणि धावपटू एखादीच होते. केवळ दुष्काळानं माणूस ऑलिंपिकला जात असता तर माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांतून दर चार वर्षांनी विमान भरलं असतं. त्या मुलीच्या मेहनतीचं श्रेय आपण मातीला देऊन टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, ललिता पुण्यात वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं सुवर्णपदक जिंकते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी स्टीपलचेस अजून सुरूच झालेली नाही. जागतिक स्पर्धेत ती पहिल्यांदा होते याच २००५ मध्ये, हेलसिंकीला. म्हणजे ललिता ज्या शर्यतीनं ओळखली जाणार आहे, तीच अजून रांगते आहे.

हेलसिंकी म्हटलं की सातारकराच्या मनात दुसरंच नाव येतं. वाट थोडी वाकडी करून कराडजवळच्या गोळेश्वरला उतरा, साल १९५२, हेलसिंकी ऑलिंपिकचं. कुस्तीगीर खाशाबा जाधव चार वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आहेत. तरी या वेळी निवडीत त्यांना डावललं जातं. ते पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागतात, पुन्हा कुस्ती होते, आणि ते जोडीदाराला अस्मान दाखवतात. मग उरतो पैशांचा प्रश्न. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करतात. खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन येतात आणि कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघते. बैलांच्या घुंगरांचा आवाज कानात राहू द्या, पण त्याआधीचे दिवसही विसरू नका. पंच, समिती, महाराज, गहाणखत, एवढ्यांच्या हातांतून निवड जात होती. ललिताच्या काळात त्यांतलं बरंच काम घड्याळावर आलं. घड्याळाचेही नियम आहेतच. रिओच्या स्टीपलचेससाठी ९:४५ ही रेघ होती, आणि वेळ धरली जाणार होती १ मे २०१५ पासून. इंचॉनची ९:३५.३७ त्या रेघेच्या बरीच आत होती, तरी निवडीसाठी तिचा काडीचा उपयोग नव्हता. दार उघडण्याआधी कुणी कितीही जोरात धावलं तरी ते धरत नाहीत.

म्हणून जून २०१५ चा पहिला आठवडा, चीनमधलं वुहान, आशियाई अजिंक्यपद. इथे फार रेंगाळू नका. ललिता सुवर्णपदक जिंकते, वेळ ९:३४.१३. राष्ट्रीय विक्रम, स्पर्धेचा विक्रम, रिओची पात्रता, तिन्ही एका शर्यतीत. दोन प्रकारांत ऑलिंपिकचं दार तिला उघडं आहे. तिचे प्रशिक्षक, बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह, शिस्तीला कडक म्हणून ओळखले जात. २०२१ मध्ये पतियाळाच्या क्रीडा संस्थेतच त्यांचं निधन झालं.

लोक ललिताची मोठी शर्यत म्हणून रिओचं नाव घेतात. मी तुम्हाला आधी बीजिंगला नेतो.

२४ ऑगस्ट २०१५, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी. पक्ष्याच्या घरट्यासारखं स्टेडियम. सात वर्षांपूर्वी स्त्रियांची पहिली ऑलिंपिक स्टीपलचेस याच पट्ट्यावर झाली होती. तुम्ही पुन्हा खड्ड्याशी बसा. पहिल्या दोन फेऱ्या सगळ्याच जणी सहज ओलांडतात. चौथ्या-पाचव्या फेरीपासून आवाज बदलतो. ज्यांचे पाय संपलेत त्यांच्या उडीनंतर ‘धप्प’ असा जड आवाज येतो. ज्यांचे शिल्लक आहेत त्यांचा नुसता शिंतोडा उडतो. ललिताच्या वेळी कान देऊन ऐका. नजर खड्ड्यावर नाही, पुढच्या वळणावर आहे. ओंडक्यावर एक पाऊल, रेटा, उथळ पाण्यात दुसरं पाऊल, आणि बाहेर.

९:२७.८६.

वुहानपेक्षा सहा सेकंदांहून जास्त कमी, तेही अडीच महिन्यांत, जगातल्या सगळ्यांत कठीण मैदानावर. जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. दोन दिवसांनी अंतिम शर्यतीत ती आठवी येते, ९:२९.६४. केनियाची हायविन कियेंग जेपकेमोई ९:१९.११ ला जिंकते. हा आकडा नीट लक्षात ठेवा, तो परत येणार आहे. माझ्या लेखी ललिताची उसळी ती हीच. वुहाननं तिला तिकीट दिलं. रिओत कुणाबरोबर धावायचंय ते बीजिंगमध्ये कळलं.

आता रिओचं वेळापत्रक पुढ्यात घ्या. स्टीपलचेसची प्राथमिक फेरी १३ ऑगस्ट २०१६. महिलांची मॅरेथॉन १४ ऑगस्ट. स्टीपलचेसची अंतिम फेरी १५ ऑगस्ट. दोन्ही दारं उघडी असली तरी पाऊल एकातच टाकता येणार. मॅरेथॉनमध्ये गर्दीही होती. जैशा, ललिता, सुधा आणि गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत पात्र ठरलेली नाशिकची कविता राऊत, अशा चौघी होत्या आणि एका देशाला जागा तीन. ललिता आणि सुधा पाण्याच्या वाटेला गेल्या, जैशा आणि कविता रस्त्याला. स्टीपलचेसमध्येही सुख नव्हतं. एप्रिलमध्ये दिल्लीत ललितानं विक्रम ९:२७.०९ वर आणला, मे महिन्यात शांघायला सुधानं तो ९:२६.५५ केला. घरातच अशी जोडीदार असली की माणूस सरावाला झोपून राहत नाही.

१३ ऑगस्ट २०१६, रिओ. तिकडे सकाळ, इकडे माणदेशात संध्याकाळ. दुसऱ्या गटात ललिता चौथी येते. प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघी थेट अंतिम फेरीत, बाकी सहा जागा वेळेवर. म्हणजे तिसरा गट धावून होईपर्यंत थांबणं आलं. तुम्ही फळ्यावरचा आकडा बघा: ९:१९.७६. बीजिंगची जागतिक विजेती ज्या वेळेत आली होती, तिच्या जेमतेम पाऊण सेकंदावर मोहीची मुलगी आली आहे. तिसरा गट संपतो, ललिता अंतिम फेरीत. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा धावली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी कुणी भारतीय स्त्री प्राथमिक फेरी पार करून ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक अंतिम शर्यतीत उतरते आहे.

१५ ऑगस्ट. मोहीत सकाळी शाळेवर झेंडा लागलेला, संध्याकाळी टीव्ही लागलेले. जेबेत सुरुवातीलाच निघून जाते आणि ८:५९.७५ ला सुवर्ण घेते. ललिता दहावी, ९:२२.७४. दारातून कुणीतरी विचारतं, “कितवी आली गं आपली?” आतून एक आजी ठणकावून सांगतात, “धावी. समद्या जगात धावी.”

जायच्या आधी घड्याळाचा एक उपयोग करून घ्या. रिओची ती प्राथमिक फेरी पुन्हा लावा, पण पट्ट्यावर सगळ्या ललिताच उतरवा. इंचॉनची, वुहानची, बीजिंगची, रिओची. शेवटचा अडथळा पार करून रिओची ललिता रेषेला टेकते तिथे घड्याळ थांबवा आणि मागे वळून बघा. चाळीसेक मीटरवर बीजिंगची ललिता. पाऊणशे मीटरवर वुहानची, गळ्यात सुवर्णपदक येण्याच्या बेतात. आणि ऐंशीच्याही मागे इंचॉनची, जिचं पदक एका दिवसात कांस्याचं रुपेरी आणि रुपेरीचं कांस्य झालं होतं. दोन वर्षांतलं पंधरा सेकंदांचं अंतर हे असं दिसतं, जमिनीवर, पावलांनी मोजता येईल असं.

आता पुढे बघा. रेषेपलीकडे, चोवीस-पंचवीस मीटरवर आणखी एक पाठ दिसते आहे. ती २०२३ च्या बुडापेस्टमधली, मेरठची पारुल चौधरी, ९:१५.३१. ललिताचा विक्रम सात वर्षं टिकला आणि मग तिनं मोडला.