चरख्याची माळ

चरखा : (रहाट). माळ-चालन. मोठ्या चाकाची फिरती गती बारीक चात्याकडे नेणाऱ्या सुती दोरीस माळ म्हणतात. पट्टा-चालनाचा हा जुना व साधा प्रकार असून ढिलेपणा व परतीच्या वेळी येणारी मोकळी चाल यांचा प्रश्न त्यात प्रथमपासूनच होता.

जुन्या चरख्याच्या चाकास अखंड धाव नसे. आऱ्यांच्या दोन रांगांची टोके दोरीने नागमोडी विणून त्या जाळीवर माळ बसवीत. ही जाळी किंचित लवचिक असल्यामुळे माळेचा ताण आपोआप टिकून राही. आजच्या भाषेत तिला ताण-स्प्रिंग म्हणता येईल. लाकडी भरीव चाकाला ही सोय नाही.

चात्यावर सूत कातताना चाक पुढे फिरवून पीळ देतात, मग ते थोडे उलटे फिरवून टोकावरील वेढे सोडवितात आणि पुन्हा पुढे फिरवून सूत गुंडाळतात. प्रत्येक ओढीला दिशा अशी दोनदा बदलते. त्या क्षणी माळेची ताणलेली बाजू सैल व सैल बाजू ताणलेली होते. माळ ढिली असल्यास चाक फिरते, पण चाते जागीच राहते; वेढे नीट सुटत नाहीत, सुताला गाठी पडतात किंवा ते तुटते. कातणारीची मजुरी सुताच्या लांबीवर व मजबुतीवर ठरत असल्याने हा दोष थेट तिच्या कमाईत उतरे.

चाकाचा व्यास ६० सेंमी., चात्याच्या कप्पीचा १ सेंमी. आणि माळेची जाडी २ मिमी. धरल्यास गतिगुणोत्तर ६० नव्हे, सु. ५० येते; कारण दोरीचा मध्य दोन्ही व्यासांत २ मिमी. ची भर घालतो. माळेतील १ मिमी. ढील चात्यावर सु. साडेनऊ अंशांची चूक करते, तर मोठ्या चाकावर तीच चूक ०·२ अंशाहूनही कमी असते. म्हणूनच संथ व अचूक फिरणे हवे असेल, तेव्हा हीच मांडणी उलटी करतात : लहान कप्पी चालविणारी आणि मोठे चाक चालणारे. चरख्याला मात्र वेग हवा असल्याने तो या चुकीच्या वाईट बाजूस उभा आहे. माळेचा जोड जाड गाठीने बांधल्यास गाठ कप्पीवरून जाताना प्रत्येक वेळी धक्का बसतो. म्हणून जोड पातळ ठेवावा लागतो. पिळाची सुती दोरी दमट हवेत फुगून आखूड होते व कोरड्या हवेत सैलावते. अकोला-अमरावतीकडील उन्हाळा व पावसाळा यांत हवेच्या ओलाव्याचा फरक मोठा असल्याने एकदा बसविलेला ताण वर्षभर पुरत नाही.

वऱ्हाडात पट्टा-चालनाचे दुसरे रूप सरकीकाढणीच्या कारखान्यांत दिसले. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला मोठी मागणी आली आणि १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. वाफेच्या एंजिनाने फिरणाऱ्या एका लांब दंडावरून चामडी पट्टे प्रत्येक रेच्याला चालवीत. तेथे पट्टा घसरणे हा दोष नव्हता. रेचा अडकला तर घसरणारा पट्टा त्याचे रक्षणच करी. त्याच लोहमार्गाने गिरणीचे कापड खेड्यांत पोहोचले व हातकताई मागे पडली.

अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना १९२५ मध्ये झाली. संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. सर्व अटी पुऱ्या करणारे यंत्र मात्र मिळाले नाही. त्यानंतरच्या काळात रूढ झालेला पेटीतील येरवडा चरखा दोन चाकांचा आहे. मोठ्या चाकावरून दुसऱ्या चाकाच्या कप्पीवर एक माळ व तेथून चात्यावर दुसरी, अशा दोन टप्प्यांनी वेग वाढतो आणि चाके लहान ठेवता येतात. पण माळा दोन झाल्याने ढिलेपणाच्या जागाही दोन झाल्या. पहिल्या माळेचा ताण राखण्यासाठी स्प्रिंग दिलेली असते.

दातेरी रबरी पट्टे १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाले. घसरणे त्यांनी थांबविले. दात व खाच यांमधील फट मात्र उरलीच. तमिळनाडूतील एकांबरनाथन यांच्या अंबर चरख्यात कडी व फिरता आकडा यांमुळे पीळ व गुंडाळणी एकाच वेळी होतात. त्यात चाते उलटे फिरवावेच लागत नाही, त्यामुळे परतीच्या मोकळ्या चालीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.