शेंगवर्गीय पिकांतील धातुसंचय

तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग यांसारखी शेंगवर्गीय पिके जमिनीतील धातू मुळांवाटे शोषून पेशींत साठवतात. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या रायझोबियम गटातील जीवाणूंवरही या धातूंचा परिणाम होतो.

आवश्यक व विषारी धातू : नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजनेज या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम असते. कार्यक्षम गाठ आतून गुलाबी दिसते, ती लोहयुक्त लेगहीमोग्लोबिनमुळे. जीवाणूंना कोबाल्टही लागते. जस्त, तांबे व निकेल अल्प प्रमाणात उपयुक्त, पण अधिक झाल्यास घातक ठरतात. कॅडमियम आणि शिसे पिकाच्या काहीच उपयोगाचे नाहीत.

संचयाची रीत : खाणी, धातू गाळण्याचे कारखाने, शहरी सांडपाण्याचा गाळ आणि कॅडमियमयुक्त फॉस्फेट खते यांतून धातू शेतात येतात. आम्लधर्मी जमिनीत ते अधिक विरघळतात. बहुतांश कॅडमियम व शिसे मुळांतच अडकून राहते. पेशी गंधकयुक्त पेप्टाइडांच्या साहाय्याने कॅडमियम बांधून रिक्तिकेत कोंडतात. तरीही काही अंश दाण्यात उतरतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात कडधान्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. वाळलेले सोयाबीन तीतून वगळले आहे.

वोबर्नचा प्रयोग : इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रायोगिक शेतात १९४२ ते १९६१ या काळात सांडपाण्याचा गाळ घातला गेला. १९८०च्या दशकात रोथॅम्स्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या संशोधकांना तेथील पांढऱ्या क्लोव्हर या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांवर गाठी आढळल्या, पण त्या नत्र स्थिर करत नव्हत्या. धातूयुक्त मातीत जीवाणूंचा केवळ निष्प्रभ वाण तगला होता. कार्यक्षम जीवाणू मोठ्या संख्येने मिसळल्यावर नत्र स्थिरीकरण सुरू झाले. मात्र यजमान वनस्पतीविना ते मातीत टिकत नव्हते.

सहनशील जीवाणू : दक्षिण फ्रान्समधील जस्ताच्या जुन्या खाणीवर वाढणाऱ्या अँथिलिस या शेंगवर्गीय वनस्पतीच्या गाठींतून मिळालेल्या मेसोरायझोबियम मेटॅलिड्युरन्स या जीवाणूचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जस्त व कॅडमियम सहन करणारे असे जीवाणू खाणींच्या पडीक जमिनींवर हिरवळ रुजवण्यास उपयोगी पडू शकतात.

महत्त्व : नत्रखतावर पीक हिरवेगार दिसत असतानाही मातीतील उपयुक्त जीवाणू संपत आलेले असू शकतात. म्हणून जमिनीची सुरक्षित धातुमर्यादा ठरवताना पिकाच्या वाढीइतकेच जीवाणूंच्या कार्यक्षमतेकडे पाहणे आवश्यक आहे. आम्लधर्मी जमिनीत चुना घातल्याने शोषण कमी होते, पण धातू कुजून नाहीसे होत नाहीत. त्यामुळे ते शेतात येऊच न देणे हाच खात्रीचा उपाय होय.