सूत्रकृमी : प्रयोगशाळेतला आणि केळीच्या मुळातला

सूत्रकृमी : दोऱ्यासारखे गोल, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर खंड नसलेले कृमी. संघ नेमॅटोडा. ग्रीक ‘नेमा’ म्हणजे दोरा. मराठी संज्ञाही त्याच अर्थावर बेतली आहे. आपल्याला यांतले बरेच जण आधीपासून ठाऊक आहेत, फक्त वेगवेगळ्या नावांनी : पोरांच्या पोटातले जंत, हत्तीरोगाचा कृमी आणि पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून अंगात शिरणारा नारू. (नारूचा भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला.) वरणगाव (ता. भुसावळ, जि. जळगाव) आणि भोवतालच्या केळीपट्ट्यात ‘निमॅटोड’ म्हटले की मुळांना लागलेली कीड एवढाच अर्थ होतो. जीवशास्त्रज्ञाच्या तोंडी मात्र ‘कृमी’ म्हणजे बहुधा एकच, कोणालाही न चावणारा : सीनोरॅब्डायटिस एलिगन्स.

याचे पहिले वर्णन एमिल मोपा यांनी १९०० मध्ये अल्जीरियात केले. त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली सिडनी ब्रेनर यांनी. रेणवीय जीवशास्त्रातले मोठे प्रश्न सुटत आले आहेत, आता शरीराची घडण आणि चेतासंस्था यांकडे वळावे, असे त्यांनी १९६३ मध्ये केंब्रिजला मॅक्स पेरुट्झ यांना लिहून कळवले. त्यासाठी हवा होता असा प्राणी, जो सूक्ष्मदर्शकाखाली अख्खा मावेल आणि भराभर वाढेल. एलिगन्सची लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक. २० अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला साडेतीन दिवस लागतात. बहुतेक कृमी उभयलिंगी असतात आणि प्रत्येकाला स्वतःच्याच शुक्राणूंपासून सुमारे ३०० पिल्ले होतात. गहू-हरभऱ्यासारखे हे स्वपरागण. वाण आपोआप शुद्ध राहते. संकर करायचा तर हजारांत एखाद-दुसरा सापडणारा नर वापरायचा. शिवाय पिल्ले ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवली तर वर्षानुवर्षांनी पुन्हा वळवळू लागतात. जगभर वापरले जाणारे ‘एन-२’ हे मूळ वाण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या अळिंबीच्या खतातले आहे.

पाळायला खर्च नाही. पेट्री बशीत अगारचा थर, त्यावर एश्चेरिकिया कोलाय जीवाणूंचा पुसट डाग. हेच त्याचे कुरण. भिंगाखाली पाहिले तर त्या डागावर नागमोडी वाटा उमटलेल्या दिसतात आणि प्रत्येक वाटेच्या टोकाशी एक कृमी घसरत चाललेला असतो. त्याला उचलायचे ते दांडीला जोडलेल्या प्लॅटिनमच्या बारीक तारेने. तार ज्योतीत लाल करायची, निवू द्यायची, टोकाला जीवाणूंचा थोडा चिकटा घ्यायचा आणि कृमीला वरून अलगद टेकवायचा. नवशिक्याच्या हातून तार अगारमध्ये रुतते आणि कृमी त्या भोकात शिरून बसतो. अडचण तापमानाची : १५ ते २५ अंशांपलीकडे याला मानवत नाही, त्यावर गेल्यास लवकरच प्रजनन थांबते. भुसावळच्या मे महिन्यात ही पैदास करायची तर माणसांआधी कृमींना गारवा द्यावा लागेल.

या कृमीची खरी खुबी मोजदादीत आहे. प्रौढ उभयलिंगी कृमीत कायिक पेशीकेंद्रके ९५९. कमी नाहीत, जास्त नाहीत. त्यांतल्या चेतापेशी ३०२. आणखी १३१ पेशी जन्माला येतात आणि ठरल्या वेळी मरतात. जॉन सल्स्टन यांनी एका अंड्यापासून प्रत्येक पेशी कोणापासून झाली हे नुसते पाहून लिहून काढले. भ्रूणाच्या वंशावळीसाठी ते दीड वर्ष, दिवसातून दोनदा, चार-चार तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. ती वंशावळ १९८३ मध्ये छापून आली. एखाद्या प्राण्याची पहिल्या पेशीपासून शेवटच्या पेशीपर्यंतची अशी भाटवही तोवर कोणाकडे नव्हती. ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये आला, तोही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या हजारो कापांवरून हाताने उतरवलेला. १९९८ मध्ये संपूर्ण जीनोम वाचला गेलेला हा पहिला बहुपेशीय प्राणी ठरला. त्यानंतरची पारितोषिके भराभर सांगून टाकावीत अशीच आहेत : ब्रेनर, सल्स्टन व हॉर्विट्झ यांना २००२ मध्ये, आरएनए व्यतिकरणासाठी (आरएनएने जनुक मुके करण्यासाठी) फायर व मेलो यांना २००६ मध्ये आणि सूक्ष्म-आरएनएसाठी ॲम्ब्रोस व रुव्हकुन यांना २०२४ मध्ये नोबेल.

ब्रेनर यांनी १९७४ च्या शोधनिबंधात सुमारे ३०० उत्परिवर्तित वाणे नोंदवली. त्यांची नावे दिसेल तशी ठेवली : बुटका तो ‘डंपी’, चाल बिघडलेला तो ‘अंक’. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेचे काम अशाच एका ‘अंक’शी जोडलेले आहे. ‘अंक-१०४’ जनुक बिघडले की कृमी जागच्या जागी वळवळतो, पुढे सरकत नाही. कारण हे जनुक ज्या वाहक प्रथिनाचे, तेच चेतापेशीच्या लांब तंतूतून संदेशद्रव्याच्या पिशव्या टोकापर्यंत वाहून नेते. हमाल संपावर, माल वखारीतच पडून. जिवंत कृमीला भूल न देता बारीक खाचांच्या सिलिकॉन ठोकळ्यात क्षणभर दाबून धरले, तर चमकत्या पिशव्या तंतूतून धावताना प्रत्यक्ष दिसतात. माणसातल्या याच जातीच्या जनुकातील दोषांमुळे चेतासंस्थेचे विकार होतात, म्हणून हे पाहणे निव्वळ कुतूहलाचे उरत नाही.

खान्देशाच्या अंगाने पाहिले तर एलिगन्सचा भाऊ अधिक जवळचा. सीनोरॅब्डायटिस ब्रिग्सी या जातीचे संदर्भ-वाण ‘एएफ-१६’ अहमदाबादच्या मातीतून मिळाले आणि त्याचाच जीनोम २००३ मध्ये एलिगन्सशी ताडून पाहिला गेला. दोघे दिसायला इतके सारखे की भिंगाखाली जाणकारही फसतो, पण ब्रिग्सी उष्मा जास्त सोसतो.

आता केळी. मुळावर गाठी आणणारा मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा आणि मुळे पोखरणारा रॅडोफोलस सिमिलिस हे एलिगन्सचे नातलग खरे, पण राहणी निराळी. दोघांच्या तोंडात पोकळ सुई असते, एलिगन्सच्या तोंडात नसते. पोखरणाऱ्याने ग्रासलेले मूळ उभे चिरले की सालीत तांबूस-तपकिरी चट्टे दिसतात. अशी मुळे घडाचे ओझे पेलत नाहीत. वादळात आडव्या झालेल्या बागेचा सगळा दोष वाऱ्याच्या माथी मारण्याआधी दोन-चार झाडांची मुळे चिरून पाहावीत. गाठीवाल्याची मादी मुळाच्या आतच फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि डिंकासारख्या पुंजक्यात शेकडो अंडी घालते. जिवंत मुळाशिवाय तिचे पोट भरत नाही. एक पिढी पाहायला टोमॅटोची कुंडी आणि साधारण चार आठवडे लागतात. तेवढ्यात एलिगन्सच्या सात-आठ पिढ्या होतात. शेतातल्या शत्रूविषयीचे बरेच ज्ञान या पाळीव भावाकडून उसने घ्यावे लागते ते यामुळे.

उसनवारी कधी कधी फळते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जंतदिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी कृमीच्या ट्यूब्युलिन प्रथिनाला चिकटते. एलिगन्समध्ये ‘बेन-१’ जनुक बिघडले की या जातीची औषधे निष्प्रभ होतात, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या, औषधाला दाद न देणाऱ्या जंतांत ट्यूब्युलिनच्या जनुकातलेच बदल आढळले. आरएनए व्यतिकरणाचा धागा पिकांपर्यंत पोहोचला : २००६ मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीतून कृमीचेच एक जनुक मुके करणारा आरएनए तयार करवला, तेव्हा तिच्या मुळांवर गाठी कमी आल्या. मेलॉइडोगायनीचा जीनोम २००८ मध्ये आला, तोही एलिगन्सशेजारी ठेवूनच वाचला गेला.

यातून निघालेले केळीचे वाण अजून वरणगावच्या बांधावर आलेले नाही. पूर्वी शेतातलेच कंद लावत, तेव्हा कंदाबरोबर कृमीही नव्या वावरात जात. म्हणून मुनव्याचा (पिलाचा) कंद पांढरा गर दिसेपर्यंत तासून लावण्याचा सल्ला असे. ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आल्यापासून रोप कृमिमुक्त मिळते, जमीन जुनीच असते. तिच्यासाठी झेंडू, निंबोळी पेंड आणि कृमींची अंडी खाणारी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी वापरतात. पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलावरचे पुढचे पीक) धरला की तीच मुळे, तेच कृमी आणखी वर्षभर राहतात.