थिबा राजवाड्यातील आई

ब्रह्मदेशाची राणी सुपयालत १८८६ पासून रत्नागिरीत बंदिवासात होती. १८७९ च्या राजकुलातील हत्याकांडाचा दोष इंग्रज लेखकांनी तिच्याच माथी मारला. ही झाली दप्तरातली राणी; पण आई म्हणून ती कशी होती?

दुसऱ्या कन्येने १९१७ साली पळून जाऊन विवाह केला, तेव्हा राणीने तिच्याशी नाते तोडले. त्या घराने आईचा कठोरपणाच आठवावा, हे स्वाभाविक आहे. थोरलीला मात्र दरवान गोपाळ सावंत यांच्यापासून १९०६ साली मुलगी झाली, आणि ही नात, टूटू, मायलेकींबरोबर १९१९ साली रंगूनला गेली. मग कोणती आई खरी? आम्हां धर्मगुरूंना नोंदवहीची सवय. परंतु नोंदवहीत जन्म सापडतो, माया सापडत नाही. थोरली रत्नागिरीस परतली व १९४७ साली येथेच वारली. टूटू मराठी बोलत, गरिबीत संसार करीत २००० सालापर्यंत येथेच जगली.