कोंकणांतील बेने-इस्रायल आणि शुद्धिस्नान

निजामशाहीच्या वैभवकाळीं अहमदनगरचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें, समुद्राकडील द्वार होतें चौल. त्याच किनाऱ्यावरील रेवदंडा, अलिबाग, नवगांव इत्यादि गांवीं बेने-इस्रायल नांवाचा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळून राहिला. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. यहुदी धर्मशास्त्र असें सांगतें कीं, गांवांत शुद्धिस्नानाचें कुंड, म्हणजे 'मिकवे', नसेल तर प्रार्थनामंदिर विकूनहि तें बांधावें. मग या खेड्यांत तें कुंड कोठें होतें?

याचें उत्तर त्या स्नानाच्या स्वरूपांतच आहे. तें मळ घालविण्यासाठीं नसतें. अंग आधीं स्वच्छ धुऊन मगच पाण्यांत पूर्ण बुडी घ्यावयाची. ऋतुकालानंतर विवाहितेला, लग्नापूर्वीं वधूला आणि धर्मांत नव्यानें येणाऱ्याला तें विहित आहे. घागरीनें भरलेलें पाणी त्यास चालत नाहीं. पावसाचें किंवा झऱ्याचें, आपोआप सांचलेलें, निदान ४० 'सेआ', म्हणजे ३०० लिटरांहून अधिक पाणी लागतें. समुद्र तर शास्त्रानेंच मान्य केलेला. ज्या गांवाच्या अंगणांत समुद्र, त्याला बांधीव कुंडाची अडचण ती काय? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेला व १९३७ मध्यें प्रसिद्ध झालेला ग्रंथ या समाजाच्या आचारांची साक्ष देतो. मुलगा झाल्यास ४० व मुलगी झाल्यास ८० दिवसांनीं मातेची शुद्धि होई. ही गणना बायबलांतलीच. धर्मगुरु नव्हते, ग्रंथ नव्हते. पण घरांतील स्त्रियांनीं दिवस मोजण्याचें सोडलें नाहीं.

इस्रायलच्या स्थापनेनंतर यांतले पुष्कळजण तिकडे गेले. १९६२ मध्यें तेथील मुख्य धर्मपीठानें फर्माविलें कीं, यांच्या विवाहापूर्वीं मातृकुळाची चौकशी व्हावी, आणि शंका आल्यास धर्मप्रवेशाचें स्नान घडवावें. स्वधर्मांत जन्मलेल्या वधूनें परकी म्हणून त्या पाण्यांत उतरावें, हा अपमान समाजास सहन झाला नाहीं. मोठी निदर्शनें झालीं. अखेर १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें बेने-इस्रायल सर्वार्थानें यहुदी असल्याचें घोषित केलें, आणि धर्मपीठानेंहि आदेशांतून त्यांचें नांव वगळलें.

दगडी कुंडाचे अवशेष सांपडले नाहींत म्हणून आचारच नव्हता असें अनुमान काढणें सोपें असतें. परंतु लहान समाजाचा धर्म पुष्कळदां इमारतींत नसून गृहिणीच्या स्मरणांत असतो. आणि त्या स्मरणाला दगडाइतकेंच प्रमाण मानणें हें इतिहासाचेंहि कर्तव्य आहे.